उलट टपाली नकार

वाचनालयाच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता, आणि गोष्ट दोन पत्रांतच सांगायची होती. अनंतरावांनी नायकाचं लग्नाची मागणी घालणारं पत्र एका बैठकीत उतरवलं आणि नायिकेचं उत्तर लिहायला कागद बायकोपुढे, कुंदाताईंपुढे सरकवला. "बायकांच्या मनातलं तुलाच ठाऊक."

कुंदाताईंनी भाजी निवडता निवडता पत्र वाचलं, हात पुसले आणि लिहिलं, "आपलं पत्र पोचलं. जमणार नाही."

"अगं, नकार? एवढा हुशार, देखणा मुलगा!"

"असेल. पण पत्रभर स्वतःचंच पुराण लावलंय त्याने. तिला काय आवडतं, हे एका शब्दाने तरी विचारलंय का?"

"बरं, विचारतो," अनंतराव चडफडत म्हणाले, "पण काय आवडत असेल तिला?" आणि त्यांचं पेन थबकलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी घरातही कधी विचारला नव्हता.

"तुला काय आवडतं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

कुंदाताईंनी भाजीची परात बाजूला सारली. "पोहायला! माहेरच्या विहिरीत काठावरून थेट उडी मारायचे मी." आणि त्या बोलतच सुटल्या.

त्या दिवशी भाजीही राहिली आणि स्पर्धाही.