दिगंबररावांचा आवाज

टीव्हीवर गाद्यांची जाहिरात लागते. रेडिएटरवर टॉवेल वाळतो. "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?" स्पीकरमधून दिगंबररावांचा आवाज येतो. खटला जिंकल्याचे पेढे तसेच पडून राहतात.

ब्रॅम्प्टनच्या फ्लॅटमध्ये हेमलताबाई मुक्या स्पीकरसमोर बसल्या होत्या. त्यांचे यजमान दिगंबरराव गेल्यावर एका कंपनीने त्यांचा हुबेहूब आवाज बनवून त्यात गाद्या विकायला काढल्या, म्हणून बाईंनी तक्रार केली. न्यायाधिकरणातल्या निवाडा करणाऱ्या यंत्राने निकाल दिला: आवाज ज्याचा त्याचाच; त्याच्या परवानगीवाचून बनवलेली, या प्रकरणात दाखल असलेली प्रत्येक प्रत पुसली जावी. कंपनीचा आवाज सकाळी बंद झाला. दुपारी घरच्या स्पीकरमधलाही झाला. तो मुलीने, ऋजुताने, जुन्या व्हिडिओंवरून आईसाठी बनवला होता.

"वर अपील करू," हेमलताबाई म्हणाल्या.

"आई, निकाल आपल्याला पटतो का, हे वरचं कोर्ट बघत नाही. वाजवी आहे का, एवढंच बघतं."

"मग?"

"वाजवीच आहे गं. बाबांना आपण तरी कुठे विचारलं होतं?"

"नवऱ्याला काय विचारायचं त्यात? मला त्या गादीवाल्याचं तोंड बंद करायचं होतं. ह्यांचं नाही." त्यांनी पदराने स्पीकर पुसला. "भांडायचे तरी माझ्याशी."



सांगलीच्या कलेक्टर कचेरीत उभा जन्म नोकरी केलेल्या हेमलताबाईंनी, एखादा पुरावा जास्त असलेला बरा म्हणून, तक्रारीला घरचा आवाजही जोडला होता. तो कोणी मागितला नव्हता.