तिन्ही उत्तरं बरोबर

"वर उजव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतायत का, काकू? तिथे दाबा."

"दाबल्या. अगं बाई, सगळंच गेलं की समोरचं!"

मावशी हसली नाही. कॉम्प्युटर कंपनीच्या मदतकेंद्रात नऊ वर्षं काढली की हसू गिळता येतं. वय बेचाळीस, मजल्यावर सगळ्यांत थोरली, म्हणून तिला सगळे मावशीच म्हणत. फोन झाल्यावर ग्राहकांनी कुणाला किती चांदण्या दिल्या याची यादी दर महिन्याला भिंतीवर लागायची आणि पहिलं नाव तिचं असायचं. त्याचा तिला थोडा तोरा होता. तो लपवायची तसदी तिने कधी घेतली नाही.

फोनवरची बाई लेकीचा लॅपटॉप शोधत होती. खरं तर लेकीलाच शोधत होती. पोरगी आठ दिवसांपूर्वी कुणाला न सांगता घरातून गेली होती. फोन बंद. नेलं काय, तर दोन कपडे आणि लॅपटॉप. हरवलेला लॅपटॉप कुठे आहे ते कंपनी नकाशावर दाखवते, असं शेजारणीने सांगितलं होतं. शेजारीण खरंच बोलली होती. फक्त त्यासाठी लेकीच्या खात्यात शिरावं लागणार होतं आणि पासवर्ड आईकडे नव्हता.

"पासवर्ड नसला तर तीन प्रश्न असतात," मावशी म्हणाली. "उत्तरं बरोबर आली की खातं उघडतं. लहानपणी घरात कोणत्या नावाने हाक मारायचे?"

"ठकी. दोन वेण्या घालून बसायची ना, लाकडी ठकी बाहुलीसारखीच दिसायची."

"पहिला पाळलेला प्राणी?"

"कासव." बाईचा आवाज कापला. "बादलीत ठेवलं होतं. मेलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही हो."

"पहिलं बक्षीस कशाचं?"

"हस्ताक्षराचं. तिसरीत होती."

पडद्यावर तिन्ही खुणा हिरव्या झाल्या. आईशिवाय हे कुणाला ठाऊक असणार, असं मावशीच्या मनात आलं. तिला स्वतःला दोन मुली होत्या. थोरली वसतिगृहात राहायची, तिचा एक दिवस फोन आला नाही तरी मावशीचा जीव टांगणीला लागायचा. या बाईचे तर आठ दिवस गेले होते.

"आता एवढंच म्हणा, काकू. 'मी स्वतः खातेदार आहे.'"

"मी? खातं तर तिचं आहे ना?"

नियमाप्रमाणे फोन इथे थांबवायचा होता. क्षमा मागायची, पोलिसांकडे जायला सांगायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. मावशीने नऊ वर्षं तेच केलं होतं आणि नव्यांनाही तेच शिकवलं होतं. ती माइकजवळ सरकली.

"म्हणा तुम्ही," ती हळूच म्हणाली. "आईने लेकीसाठी म्हटलं तर त्याला कुणी खोटं म्हणत नाही."

बाईने म्हटलं. नकाशा उघडला. दुसऱ्या एका गावात, बसस्थानकामागच्या गल्लीत एक निळा ठिपका दिसत होता. मावशीने गल्लीचं नाव, इमारत सगळं दोनदा वाचून दाखवलं. पलीकडे पेन कागदावर भराभर फिरत होतं. मग एका पुरुषाचा आवाज आला, "पत्ता मिळाला?"

"मिळाला. तू गाडी काढ." बाई परत फोनवर आली. "तिचा दादा आहे. आठ दिवस डोळ्याला डोळा लागलेला नाही त्याच्या. आत्ता निघतो, म्हणजे दुपारी एकपर्यंत पोहोचू. तुमचे उपकार फिटायचे नाहीत, ताई."

पाच चांदण्या पडल्या. त्या दिवशी बाराच्या सुट्टीत मावशी चार घास जास्तच जेवली. शेजारच्या टेबलावरच्या दोघींना तिने सगळी हकिकत सांगितली, कासवासकट. दोघींचे डोळे भरून आले. नियम मोडल्याचं तेवढं तिने गाळलं.

एक वाजायला दहा मिनिटं असताना तिचा फोन वाजला. एखाद्या लॅपटॉपबद्दलचा पहिला फोन ज्याने घेतला, त्याच्याकडेच त्या लॅपटॉपचे पुढचे फोन यायचे, अशी तिथली पद्धत होती. समोर सकाळच्याच लॅपटॉपचा क्रमांक होता. मावशी खुर्चीत सावरून बसली.

"माझ्या खात्यात सकाळी कुणीतरी शिरलंय," एक मुलगी म्हणाली. आवाज स्वच्छ होता, जरा घाईतला. "कंपनीचा निरोप मी आत्ता पाहिला. मला ते तीन प्रश्न बदलून हवेत."

"अहो, घाबरू नका!" मावशीला राहवलं नाही. "तुमच्या आईच होत्या त्या. किती रडत होत्या! पोहोचतीलच एवढ्यात. दादाही आहेत सोबत."

 पलीकडे खुर्ची सरकली. पावलं वाजली, दाराची कडी लागली, आणि काहीतरी जड फरशीवरून ओढत दाराला लावल्याचा आवाज आला. मुलगी परत फोनवर आली तेव्हा इतकी हळू बोलत होती, की मावशीला हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबावा लागला.

"तुम्ही त्यांना पत्ता दिलात?"

मावशीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.  

"दादाने माझा हात मोडला, तेव्हा मी पळून जाऊ नये म्हणून आईने बाहेरून दार धरून ठेवलं होतं," मुलगी म्हणाली. ती रडत नव्हती. "किती वाजता निघालेत ते?"