कोरडं इंजिन

"कुणाला खरं वाटणार नाही, पण धाकट्याने आज चिरलेलं ऑइल सील बसवलं आणि तरी इंजिन थेंबभर गळलं नाही!" गॅरेजच्या बाकावर चहा फुंकत थोरला मिस्त्री भावजयीला सांगत होता.

हल्ली येईल ते गिऱ्हाईक "धाकटे कुठायत?" असंच विचारी, आणि थोरल्याच्या पोटात दुखे. म्हणून सकाळी धाकट्याची पाठ वळताच त्याने ग्रीस लावून ठेवलेल्या नव्या सीलची रबरी कड ब्लेडने हळूच चिरली होती. धाकट्याने बिनबोभाट तेच बसवलं. गाडी कोरडी ठणठणीत निघून गेली.

टपटप मात्र मागे राहिली.

थोरल्याने गाडीची रिकामी जागा पुसून काढली आणि फडकं धुवायला नळाशी बसला, तर आवाज नळापाशी आला. तो नळापासून उठून बाकावर बसला, तर आवाज बाकाखाली आला.

"चिरलेलं? कुणी चिरलं?" भावजयीने विचारलं.

"मला काय ठाऊक! मी तर त्याला बोटसुद्धा लावलं नाही."

भावजय बाकाखाली साचलेल्या काळ्या तेलाकडे वाकली, आणि मग सावकाश वर त्याच्या हाताकडे बघू लागली.

"खोटं बोलताय, दादा. ते बोटच गळतंय तुमचं."