निळी वस्ती

जयसिंगराव संस्थानच्या मोजणी खात्यात होते. त्यांचे पुत्र दत्तोपंत हातोदच्या तहसिलीत शेतांचे नकाशे काढीत. दत्तोपंतांचे पुत्र दिवाकर यांनी शहरातले रस्ते आखले. आणि दिवाकरांची कन्या संहिता मल्हारगंजातल्या एका सल्लागार कचेरीत बसून उपग्रहाच्या चित्रांवरून इंदूरच्या जमिनीचे तापमान काढीत असे. मे महिन्यातल्या त्या दुपारी तिच्या टेबलापुढे सुलोचना नावाची एक बाई वर्तमानपत्र घेऊन उभी होती. त्यात संहितानेच केलेला नकाशा छापला होता.

“ताई, ही आमचीच वस्ती ना? नीला म्हणजे ठंडा?”

“हो.”

“मंगळवारी माझा नवरा गेला. भर दुपारी, पत्र्याखाली. अंगाला हात लावला तर चटका बसत होता.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “लाल वस्त्यांना छतावर चुना मारून देतायत, दिवसा बसायला कूलरची खोली देतायत. आम्हाला म्हणाले, तुमचा नंबर नाही. मुलगी तिथेच आहे अजून.”

संहिताने तिला खुर्ची दिली. “पत्रे जुने आहेत का?”

“दिवाळीला बदलले. अख्ख्या वस्तीचे. एकदम चकाचक.”

संहिताने पडद्यावर ती वस्ती उघडली. उपग्रहाला तापमान दिसत नाही. पृष्ठभागातून निघणारी उष्णता तेवढी दिसते. माती, वीट, डांबर ती मोकळेपणी सोडतात. नवा पत्रा आतल्या माणसांना भाजतो, पण आकाशाकडे फारच थोडी उष्णता सोडतो; वरून तो गार भासतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पत्र्याचा उष्णता सोडण्याचा गुणांक निराळा द्यावा लागतो. विभागप्रमुख मुकुल यांनी सगळ्या बांधकामाला एकच गुणांक दिला होता. उष्णतामापक घेऊन वस्त्यांत जाऊन यावे, असे संहिताने सुचवले होते; त्यांनी वेळ नाही म्हणून सांगितले होते.

तिने त्या वस्तीपुरता गुणांक बदलला. चौतीस अंश गेले. एकोणपन्नास आले.

सुलोचनेने पडद्यावरचा बदललेला रंग पाहिला. “म्हणजे आम्ही आता लाल?”

“हो.”

“मंगळवारी पण लालच होतो ना, ताई?”



मुकुल मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिला खिडकीशी नेले.

“अरे यार, पाच वाजता मदतीच्या वस्त्यांच्या यादीवर सही होतेय. आता नकाशा चुकला म्हटलं तर अख्खं काम हातातून जाईल. अगली बार सुधारू.”

“पुढच्या उन्हाळ्यात?”

“वा! दिवाकरकाकांची मुलगी! तुमच्या घरात बोटभर इकडचं तिकडं चालत नाही, मालूम आहे.” मग त्यांनी आवाज उतरवला. “देख, सात वर्षांपूर्वी तलावाच्या नकाशात घोळ तू केला होतास. नोकरीला तीन महिने झाले होते तुझ्या. मी तो माझ्या नावावर घेतला. माझी बढती गेली. कभी कुछ मांगा? आज मागतोय. चूप बैस.”

हे खरे होते. संहिताने मान खाली घातली. मुकुल निश्चिंत झाले.

ती जागेवर परतली आणि पत्र्याच्या इतर वस्त्यांचेही गुणांक बदलून यादी काढणाऱ्या अधिकाऱ्यांना पत्र लिहू लागली. पत्र्याच्या वस्त्यांचे तापमान चुकीचे दाखवले गेले आहे. दुरुस्त नकाशा सोबत जोडला आहे. या वस्त्या आजच यादीत घ्याव्यात. गुणांक मी दिला होता. प्रत्यक्ष पडताळणी मी टाळली. चूक सर्वस्वी माझी आहे. खाली तिने आपले पूर्ण नाव लिहिले.

मुकुल खांद्यावरून वाचत होते. “पागल झालीस? गुणांक तर मी...” ते सुलोचनेकडे पाहून थांबले. “तुला कोणी दारात उभं करणार नाही आता. अगं, एक माणूस मेलाय. मी हे नव्हतं मागितलं.”

संहिताने पत्र पाठवले. मग ती उठून उभी राहिली, जशी वडीलधाऱ्यांपुढे उभी राहत असे.

“तलावाच्या वेळी मीही मागितलं नव्हतं, सर. तुम्ही जे दिलंत, तेच परत केलं. पूर्ण.”