यंत्राच्या वाट्याचं धुकं

हवेतून पाणी काढणारं सरकारी यंत्र झोरेवाडीच्या माथ्यावरच्या कातळसड्यावर येऊन दोन वर्षं झाली होती. पण राजधानीतून मंजुरी आल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही, आणि मंजुरी काही येत नव्हती. शेवटी सगुणा झोरेनं कड्यावर जुनी शेडनेट ताणली. पहाटेचं धुकं तिच्यात अडकायचं, खालच्या पिंपात ठिबकायचं. सगळी वाडी त्यावर जगत होती.

मंजुरी यायच्या आधीच मंत्र्यांच्या हस्ते यंत्राचं उद्घाटन ठरलं. त्या सकाळी अभियंता धावतपळत आला. "मावशी, तुमचं पिंप यंत्रात ओततो. मंत्रीसाहेब नळाचं पाणी पिणार आहेत."

"मग आमच्या म्हशी काय पितील?"

त्याच्या माणसांनी पिंप उचललं.

मंत्र्यांनी घोट घेतला. "वा, अमृत! अशी आणखी शंभर यंत्रं बसवा!" टाळ्या पडल्या. मग त्यांची नजर कड्याकडे गेली. "ते काय लोंबतंय?"

"अनधिकृत जाळी, साहेब," अभियंता म्हणाला. "यंत्राच्या वाट्याचं धुकं चोरते."

सगुणाला शिसारी आली. ती पचकन थुंकली. कुणी हात लावायच्या आत तिनं स्वतःच शेडनेट सोडली, गुंडाळून खांद्यावर टाकली.

"चला गं," ती बायकांना म्हणाली, "पलीकडच्या कड्यावर अजून सरकार पोचलेलं नाही."