जीपचं नाक

ख्वाजा मिस्त्रीनं शेवटची पट्टी आवळली आणि मागं सरून आपलं काम न्याहाळलं. बॉनेटच्या कडेतून एक लोखंडी नळी निघाली होती आणि काचेच्या बाजूनं थेट टपाच्या वर गेली होती. भंगारातल्या ट्रॅक्टरची नळी. मूळच्या जीपला असलं काही नव्हतंच.

"आता इंजन हवा वरून घेनार," तो बन्सीधरला म्हणाला. "ओढा बॉनेटला लागला तरी नाकात पानी जात न्हाई."

म्हाळसाबाई सकाळपासून बन्सीधरच्या अंगणात भिंतीच्या कडेला बसून होती. चैन कशी पडावी? तिचा बिरू मेंढरांना पाला तोडताना बाभळीवरून पडला, शुद्ध हरपली, आणि भर पुरातून बन्सीधरनं त्याला परभणीला नेलं ते याच जीपमधून. बिरू वाचला. जीप मात्र येताना ओढ्यात पाणी पिऊन बसली, ती ख्वाजानं इंजन खोलून दुरुस्त करेपर्यंत बसलीच. बन्सीधरचं घर तिच्यावर चालायचं, तरी तो कधी एका शब्दानं बोलला नाही. म्हाळसाबाईनं कोकरू नेलं तर हात जोडून परत पाठवलं. माणसानं उतराई तरी कशी व्हावी!

दोघं चहाला घरात गेले. म्हाळसाबाईनं वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं, आणि नळीचं तोंड आ वासून उघडं. एवढी शिकली-सवरलेली माणसं, पण एवढं कळू नये? तिनं कासोटा आवळला, मडगार्डवर चढली, डोक्यावरच्या घोंगडीचा काठ टर्रकन फाडला आणि नळीच्या तोंडावर चांगला दुहेरी करून लोकरीच्या दोरीनं करकचून बांधला. बाळंतघरातल्या लेकराला टोपडं बांधतात तसं. खाली उतरली तेव्हा किती दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

चहा उरकून दोघं बाहेर आले. बन्सीधरनं चावी फिरवली. इंजन घुरघुरलं, खोकलं, काळा धूर सोडून गप झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. ख्वाजाच्या तोंडचं पाणी पळालं. बन्सीधर खाली उतरला आणि दगडावर बसला.

ख्वाजानं नळीवरून हात फिरवत फिरवत मान वर केली. "या अल्ला. हे कुनी बांधलं?"

"म्या," म्हाळसाबाई म्हणाली. "पाऊस येयलाय म्हून."

"माय, तिथूनच तर ती श्वास घेती."

म्हाळसाबाई जागच्या जागी खिळली. "माझ्या लेकराला वाचवलं तिनं," ती पुटपुटली, "आन् म्या तिचाच गळा दाबला."

बन्सीधर तोंडावर रुमाल धरून बसला होता. रडतोय की काय असं तिला वाटलं. पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. "लय माया केली माय तुमी तिच्यावर," तो डोळे पुसत म्हणाला. "वर चढा. तुमच्याच हातानं सोडा."

ती चढली. करकचलेली गाठ बोटांनी सुटेना, शेवटी दातानं सोडली. खाली बन्सीधरनं चावी फिरवली. इंजन एकदा अडखळलं आणि सुरू झालं. अंगणभर आवाज घुमला.

म्हाळसाबाई मात्र उतरेना. तिनं तळहात नळीच्या तोंडाशी नेला. वारं आत ओढलं जात होतं, एकसारखं, न थांबता. त्या दिवशी परभणीपर्यंतच्या सगळ्या वाटेनं तिनं बिरूच्या नाकापुढं असाच हात धरला होता. मागं वळून पाहायची बन्सीधरची छाती होत नव्हती. तो नुसता 'श्वास चालू हाय ना?' विचारत होता, आणि ती दर वेळी एकच सांगत होती.

आज त्यानं काही विचारलं नव्हतं. तरी डोळ्यांतलं पाणी तसंच वाहू देत ती वरून म्हणाली, "चालू हाय, दादा. हाना गाडी."