मूळचा स्टार्टर

ओत्ताव्हियोंनी गाडी ट्रकवरून अंगणात उतरवून घेतली. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. ट्रक निघून गेल्यावर त्यांनी वर्कशॉपच्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "एर्मेते झोपलाय ना?"

नीवेसने मान डोलावली. जेवण झालं की तिचे वडील, एर्मेते, तासभर आडवे होत. वेर्चेल्ली शहरातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ओत्ताव्हियो नेमकी हीच वेळ साधून आले होते.

त्यांनी थोडक्यात सांगितलं. गाडी एकतीस सालची. तिचा मूळचा स्टार्टर म्हातारा झाला होता, थंडीत नुसता गुरगुरायचा. म्हणून गेल्या रविवारी त्यांनी हँडल मारलं, ते उलटं फिरलं आणि मनगट गेलं. वय एक्याऐंशी. डॉक्टरांनी हँडलला हात लावायला बंदी घातली होती. आता त्यांना हल्लीचा, गिअरवाला छोटा स्टार्टर हवा होता. पण जुन्या स्टार्टरच्या कवचात बसवलेला. बाहेरून काही दिसता कामा नये.

नीवेस बराच वेळ हात पुसत राहिली.

अकरा वर्षांपूर्वी बाबांचा खांदा निकामी झाला, तेव्हा त्यांनी आपल्या गाडीला हेच केलं होतं. लेथवर स्वतः जोडणीची कडी कातून, दोन महिने खपून. मग क्लबाची तपासणी आली. तपासनीस होते ओत्ताव्हियो, चाळीस वर्षांचे मित्र, दर रविवारी भातखाचरांमधल्या रस्त्यांवर बाबांच्या मागे-पुढे गाडी हाकणारे. ते टॉर्च घेऊन गाडीखाली गेले, बाहेर आले आणि कागदावर दोन शब्द लिहिले, 'मूळचा नाही'. गाडीचा प्रत्येक भाग मूळचा असल्याची खूण असलेली क्लबाची पितळी पट्टी काढून घेतली गेली. बाबांनी त्याच वर्षी गाडी विकली. तेव्हापासून ओत्ताव्हियो समोरून येताना दिसले की बाबा रस्ता ओलांडत.

"तुमची पट्टी जाईल, काका," ती म्हणाली.

"सांगणार कोण?" ओत्ताव्हियो बोलून गेले आणि बोलल्यावर स्वतःच खाली बघू लागले. प्लॅस्टरमधून बाहेर आलेली त्यांची बोटं सुजून निळी पडली होती.

नाही म्हणणं सोपं होतं. नीवेस म्हणाली, "करते. पण चालू करून बघायचं ते इथे, अंगणात. बाबा जागे असताना."

ओत्ताव्हियोंनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग बरं म्हणाले, आणि बसस्टॉपकडे चालत गेले.

काम आठ दिवस चाललं. नीवेसने जुन्या स्टार्टरची आतली यंत्रणा काढून डब्यात जपून ठेवली आणि रिकाम्या कवचात नवा स्टार्टर बसतो का ते पाहिलं. बसत होता, पण मधे जोडणीची एक कडी लागणार होती. कडीची मापं शोधावी लागली नाहीत. बाबांच्या हातचा, पेन्सिलने काढलेला कागद अजून खणात होता.

एर्मेते रोज त्या गाडीशेजारून जात, अनोळखी माणसाच्या दारावरून जावं तसे. गाडी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही आणि नीवेसने सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ते लेथपाशी थांबले, तिने नव्या स्टार्टरला बसवलेलं छोटं दातेरी चाक बोटांनी चाचपलं आणि एवढंच म्हणाले, "दातांच्या कडा अजून घास. इंजिनाचं फ्लायव्हील जुनं आहे, दात त्यात अडकतील."

तिने घासल्या.

शनिवारी सकाळी अकराला ओत्ताव्हियो आले. एर्मेते दारातच उभे होते. ओत्ताव्हियोंनी नमस्कार केला. एर्मेते गाडीकडे बघत राहिले. ओत्ताव्हियोंनी नीवेसकडे स्क्रूड्रायव्हर मागितला आणि डाव्या हाताने गाडीवरची पितळी पट्टी काढायला घेतली. स्क्रू दोनच होते, पण फार वेळ लागला. नीवेस एकदा पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. पट्टी निघाली, तशी ती कोटाच्या खिशात टाकून ते गाडीत बसले आणि त्यांनी स्टार्टरचं बटण बाहेर ओढलं.

बारीक शिट्टीसारखा आवाज झाला आणि इंजिन त्याच क्षणी सुरू झालं. तो आवाज एकतीस सालचा नव्हता. क्लबातल्या कोणीही तो डोळे मिटून ओळखला असता.

ओत्ताव्हियो स्टिअरिंगकडे बघत बोलले. "तुझ्या गाडीचा आवाज असाच होता. मी खाली शिरायच्या आधीच ओळखला होता. तुझा खांदा गेलाय, तेही मला माहीत होतं. माहीत असून लिहिलं."

एर्मेते पायऱ्या उतरून आले. त्यांना वेळ लागला. गाडीपाशी येऊन त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

"बंद कर," ते म्हणाले.

ओत्ताव्हियोंनी इंजिन बंद केलं.

"चालू कर."

शिट्टी वाजली, इंजिन सुरू झालं.

"बंद कर."

तिसऱ्या खेपेनंतर बाबांना आवरावं असं नीवेसला वाटलं. ती दोन पावलं पुढे गेली. मग तिला त्यांचा चेहरा दिसला आणि ती थांबली. एर्मेतेंनी डोळे मिटले होते, मान किंचित कलती करून ते अकरा वर्षांनी तोच आवाज ऐकत होते.

इंजिन बंद करून, डावा हात बटणावर ठेवून ओत्ताव्हियो वाट बघत राहिले.

"पुन्हा," एर्मेते म्हणाले.